‘लाखाचा घ्या, नाहीतर घेऊच नका’: डाइव्ह कॉम्प्युटरवरच्या एका मेसेजला उत्तर

दिवाळीनंतर मालवणला किंवा कर्नाटकात मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कूबा डाइव्हचे बेत ठरायला लागले की संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: स्वस्तातला डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली किती खोल आहात, अजून किती वेळ राहता येईल ते सांगणारं मनगटी यंत्र) म्हणजे जिवाशी खेळ. घ्यायचा तर लाखाचा, सिलिंडरमधली हवा दाखवणारा, रंगीत स्क्रीनचा घ्या. तेवढी ऐपत नसेल तर घेऊच नका. डाइव्हमास्टरच्या, म्हणजे पाण्याखाली ग्रुपला नेणाऱ्या वाटाड्याच्या हातावर असतोच, नाहीतर स्मार्टवॉचवर भागवा.

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण हा सल्ला ऐकून अर्धे लोक नको तिथे पैसे घालतात आणि उरलेले मोकळ्या मनगटाने पाण्यात उतरतात.

तारकर्लीला इन्स्ट्रक्टरने धरून नेलेली, काही मीटर खोलीची हौसेची डाइव्ह करून येणार असाल तर कॉम्प्युटरची गरज नाही, ना स्वस्त ना महाग. हे पुढचं त्यांच्यासाठी, ज्यांनी ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स केलाय, १८ मीटरपर्यंत जायची मुभा मिळवलीय आणि वर्षातून एखाद-दोनदा भाड्याच्या सामानावर डाइव्ह करतात. आपल्याकडचे बहुतेक याच गटातले.

पहिला दावा, स्वस्त यंत्राचं गणित कच्चं असतं. कॉम्प्युटर करतो काय, तर दाबावरून खोली मोजतो, घड्याळ चालू ठेवतो, आणि दोन्हींवरून अंगात किती नायट्रोजन मुरला (जास्त मुरला तर वर येताना त्याचे बुडबुडे होऊन इजा होते) याचा हिशोब मांडून या खोलीवर अजून किती मिनिटं राहता येईल ते सांगतो. झुरिचच्या आल्बर्ट ब्यूलमान यांच्या मॉडेलमध्ये त्यासाठी शरीराचे १६ कप्पे कल्पिलेले आहेत. सर्वात जलद कप्पा चार-पाच मिनिटांत अर्धा भरतो, सर्वात संथ कप्प्याला दहा तासही पुरत नाहीत. हे १६ आकडे दर थोड्या सेकंदांनी नव्याने मांडायला भारी चिप लागत नाही. १९८३ साली बाजारात आलेलं ऑर्का एज नावाचं यंत्र याच जातीचं गणित करत होतं. आज शीअरवॉटर कंपनीच्या लाखाच्या यंत्रात ब्यूलमानचं मॉडेल आहे, आणि मारेस कंपनीच्या नव्या ‘पक’ या स्वस्त यंत्रातही तेच आहे. क्रेसी लिओनार्डो, सुंटो झूप नोव्हो ही स्वस्त यंत्रं आरजीबीएम नावाच्या दुसऱ्या घराण्याचं गणित वापरतात.

मग जास्तीचे पैसे कशाचे? हिशोब किती कडक ठेवायचा ते स्वतः ठरवण्याचे, एका डाइव्हमध्ये तीन-चार वायू बदलण्याचे, हीलियमचं मिश्रण वापरण्याचे. ४० मीटरच्या खाली, डिकम्प्रेशनचे टप्पे घेत (नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून थांबत-थांबत) वर येणाऱ्यांना हे सगळं लागतं. १८ मीटरवाल्याला त्याचा उपयोग शून्य. साधा नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा वापरायची सोय तर २०-३० हजारांच्या घरातल्या यंत्रांतही असते.

फरक जाणवतो तो दिवसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला. स्वस्त यंत्रांतली काही जास्त कडक असतात, सोबत्याच्या यंत्रावर बारा मिनिटं शिल्लक दिसत असताना तुम्हाला सातच दाखवतात. चिडचिड होते, मान्य. पण जोडीत ज्याचं यंत्र कडक त्याचं दोघांनी ऐकायचं, हा रिवाज आहे. लवकर वर बोलावणाऱ्या यंत्राला जिवाशी खेळ म्हणायचं हे मला तरी उलटंच वाटतं.

दुसरा दावा, हवा दाखवणारा हवाच. यासाठी रेग्युलेटरच्या (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राच्या) फर्स्ट स्टेजवर, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागावर, हवेचा आकडा मनगटावर पाठवणारा ट्रान्समीटर बसवावा लागतो, आणि तो बहुतेकदा वेगळा विकत घ्यावा लागतो. आता रेग्युलेटर कोणाचा? भाड्याचा. प्रत्येक ट्रिपला दुकानदाराला विनवून, पाना मागून, त्याच्या सामानावर आपला ट्रान्समीटर चढवायचा आणि संध्याकाळी उतरवायचा. आणि त्याच रेग्युलेटरला हवेचा गेज आधीच लटकलेला असतो! स्वतःचा रेग्युलेटर घ्याल तेव्हा या प्रश्नाकडे पुन्हा बघा.

रंगीत स्क्रीन सुंदर दिसते, इतकंच. चाळिशी लागलेल्यांनी आकडे मोठे आहेत का ते बघावं. मालवणच्या गढूळ पाण्यात रंगापेक्षा तेच उपयोगी पडतं.

डाइव्हमास्टरवाला दावा मात्र मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो. डाइव्हमास्टरचा कॉम्प्युटर डाइव्हमास्टरचा नायट्रोजन मोजतो. शेजाऱ्याच्या मीटरवरून आपलं लाइटबिल काढण्याचा हा प्रकार आहे. तो पुढे खडकाच्या वरच्या अंगाला १८ मीटरवर थांबून मागच्यांची वाट बघत असतो, तुम्ही माशामागे २२ वर उतरलेले असता. पाडी या डाइव्ह शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात, म्हणजे कुठल्या खोलीवर किती वेळ राहता येईल त्याच्या छापील तक्त्यात, पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं मिळतात, २२ मीटरवर ३७. चार मीटरच्या फरकात १९ मिनिटं गेली. दुसऱ्या डाइव्हला हा हिशोब आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण सकाळचा नायट्रोजन दोघांच्या अंगात वेगवेगळा उरलेला असतो. शिवाय त्याच्यामागे चार-सहा जण असतात. कोण किती वेळ किती खोल होतं हे त्याने लक्षात तरी किती ठेवायचं?

यावर ‘मग टेबल वापरू’ असं कोणी म्हणेल. वापरा, उत्तम आहे. पण टेबलाला खोली आणि वेळ लागते, आणि त्या सांगायला मनगटावर काहीतरी असावंच लागतं. टेबल सगळा वेळ सर्वात खोल जागी घालवला असं धरतं, त्यामुळे मिनिटंही कमी मिळतात.

भाड्याने कॉम्प्युटर मिळतो, आणि वर्षातून दोनच दिवस डाइव्ह करणाऱ्याला तोही चालेल. अट एकच: पहिल्या डाइव्हपासून शेवटच्या डाइव्हपर्यंत तेच यंत्र आपल्याच हातावर. सकाळी दुसऱ्याने वापरलेलं दुपारी तुम्हाला बांधलं तर त्याच्या पोटात नायट्रोजनचा हिशोब त्या दुसऱ्याचा असतो.

स्मार्टवॉचचं थोडं खरं आहे. ॲपल वॉच अल्ट्रावर ४० मीटरपर्यंत चालणारं डाइव्हचं ॲप मिळतं. पण ते घड्याळच साध्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या दुप्पट-तिप्पट किमतीचं, म्हणजे काटकसरीचा मुद्दाच गेला. आणि ज्या दोन-चार हजारांच्या घड्याळावर ‘५० मीटर वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं, ते प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचं आहे. पोहायला ठीक. त्यात नायट्रोजनचा हिशोब नसतो, बहुतेकांत खोलीही नसते.

मेसेजमध्ये नसलेली, पण आपल्यासारख्यांना पैसे देताना सर्वात आधी विचारायची गोष्ट म्हणजे बॅटरी. आपल्या गावात डाइव्हचं दुकान नाही, सर्व्हिस सेंटर तर लांबच. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या डाइव्ह बंद, म्हणजे यंत्र तीन-चार महिने कपाटात. ट्रिपच्या आदल्या रात्री बघावं तर बॅटरी संपलेली. काही मॉडेलांची बॅटरी कंपनीकडे पाठवूनच बदलावी लागते. लिओनार्डो, झूप नोव्हो, पक यांचं झाकण घरी उघडता येतं, नाण्यासारखा सेल घालायचा, ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) केस किंवा कचरा नाही ना ते बघायचं, झालं. जुनं यंत्र घेताना हे झाकण आधी उघडून बघा. आत हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर पाणी जाऊन आलेलं आहे, भाव कितीही पडलेला असो, परत द्या. आणि पहिल्या डाइव्हला सोबत्याच्या यंत्राशी खोली ताडून पाहा.

दुसरी गोष्ट घाटाची. डाइव्हनंतर विमानात बसू नये हे सगळ्यांना पाठ असतं: एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस झाले तर १८. विमानाच्या केबिनमधला दाब डोंगरावरच्यासारखा कमी असतो, आणि हा नियम ज्या उंचीच्या दाबासाठी आहे ती सुरू होते साधारण ६०० मीटरपासून. म्हणजे घाट चढणं हेही त्यातच आलं. आंबोली ६९० मीटरवर आहे. नेत्राणीहून हुबळी-विजापूर-सोलापूर मार्गे येणाऱ्याला हुबळीच सहाशेच्या वर लागते. मुंबईकर समुद्रावरून समुद्रसपाटीच्याच घरी जातो. आपण चढतच घरी येतो. मालवणच्या उथळ डाइव्हनंतर याची फार काळजी नको, पण नेत्राणीला दोन दिवस पंधरा-अठरा मीटरवर काढल्यावर लगेच गाडी काढणं बरं नाही. विमानबंदीची वेळ दाखवायची सोय स्वस्त यंत्रांतही सहसा असते, घेताना विचारून घ्या. दुपारी एकला शेवटची डाइव्ह संपली तर १८ तास दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भरतात. काही यंत्रं सरळ २४ तास धरतात. रात्रीचा मुक्काम मुरुडेश्वरलाच करायचा. ड्रायव्हर कुरकुरला तर त्याला देवदर्शन घडवून आणा.