पुरे म्हटलं तरी

इंदुरात पोह्यांवर शेव नको म्हणायची सोय नाही. सकाळी ठेल्यावर उभं राहून मी "भिया, सेव मत डालना" म्हणतो. भिया मान डोलावतो. पण त्याची मान आणि त्याचा हात यांची बोलचाल बंद असावी, कारण तोवर मूठभर शेव पडलेली असते आणि वर जीरावन मसालाही भुरभुरलेला असतो. पुण्याची आत्तेबहीण यावरून एकदा ठेलेवाल्याशी भांडायला निघाली होती. तिला बाजूला घेऊन समजावलं की बाई, इथे 'नको'चा अर्थ 'थोडी कमी' असा होतो.

तर इतक्या आग्रहात वाढलेला मी, गेला महिनाभर एका कोड एडिटरशी, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरशी, भांडतोय. आणि भांडण नेमकं याच गोष्टीवरून आहे.

सुरुवात गणपतीपासून. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब दरवर्षी एका लांब वहीत व्हायचा आणि दरवर्षी विसर्जनाच्या रात्री त्यात काही रुपये कमी भरायचे. यंदा बैठकीत कुणीतरी म्हणालं, "हा कॉम्प्युटरवाला आहे ना, यालाच बसवा." मी हापिसात जुन्या बिलिंग प्रोग्रामांची डागडुजी करतो, ही गोष्ट मंडळाच्या दृष्टीने रॉकेट उडवण्याच्या जवळपास येते. नकार दिला. त्यांनी मान डोलावली आणि काम माझ्या पानात वाढलं.

भाचा म्हणाला, "मामा, पायथनमध्ये कर. आठ दिवसांत येतं." येतं, हे खरं आहे. फक्त एक गोष्ट त्याने सांगितली नाही. पायथन ही कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. अशा बाकीच्या बऱ्याच भाषांत कुठल्या ओळी कुणाच्या पोटात, हे महिरपी कंस लावून दाखवतात. पायथनमध्ये कंस नाहीत. ओळ डावीकडून किती आत सरकली आहे, त्यावरून तिचं घराणं ठरतं. गीडो व्हॅन रॉसम यांनी 1991 मध्ये ही भाषा बाहेर काढली, आणि 2001 मध्ये पेप 8 नावाची लेखनाची नियमावली आली. तिच्यात स्पष्ट लिहिलंय: प्रत्येक पायरीला चार मोकळ्या जागा.

"चार?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आम्ही परिच्छेदाला पाच सोडायचो."

बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. इंग्रजी आणि हिंदी, दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पास. त्यांच्या मते 'कॉम्प्युटर येतो' असं म्हणणारा माणूस दहा बोटांनी टाइप करत नसेल तर त्याला कॉम्प्युटर येत नाही. मी चार बोटांनी करतो. तेव्हापासून ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसू लागले.

आता एडिटर. ओळीच्या शेवटी कोलन देऊन एंटर मारलं की तो पुढची ओळ आपणहून चार घरं आत नेतो. पहिल्या दिवशी मला हे फार चांगलं लागलं. (ती आत्तेबहीण हे वाचून म्हणेल, 'आवडलं' म्हण. पण इंदुरात चांगलं लागतं.) पंगतीत पहिला वाढपी येतो तेव्हा तोही असाच देवमाणूस वाटतो.

त्रास पुढे होतो. पोटातलं काम संपलं, आता बाहेर यायचंय. एंटर मारलं, तो आतच. पुन्हा एंटर, अजून आतच. मग बॅकस्पेस. आणि गंमत अशी की आत नेताना चार घरं एका दमात नेणारा हा गृहस्थ बाहेर सोडताना एकेक घर सोडायचा. चार वेळा बॅकस्पेस, मोजून. वाढताना डावभर वाढायचं आणि नको म्हटलं की चिमटीने एकेक शीत उचलायचं, असला कारभार.

मोजायला मी चुकतो. एकदा तीनदाच दाबलं, तर पायथन म्हणालं, 'अनइंडेंट डझ नॉट मॅच एनी आउटर इंडेंटेशन लेव्हल'. म्हणजे हा माणूस धड घरातही नाही आणि धड ओसरीवरही नाही, उंबरठ्यावर लटकलाय. ही चूक निदान बोंब तरी मारते. दुसरी गप्प राहते. एकूण रक्कम छापायची ओळ लूपच्या, म्हणजे प्रत्येक नावासाठी पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, बाहेर हवी होती, ती चार घरं आतच राहिली. प्रोग्रामला त्यात काही गैर वाटलं नाही. वर्गणी देणारे 212 आणि एकूण रक्कमही 212 वेळा छापली गेली, प्रत्येक वेळी थोडी वाढलेली. खजिनदार तो कागदांचा गठ्ठा हातात धरून बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "वही बरी होती."

त्या रात्री ठरवलं, या वाढप्याला शिस्त लावायची. एडिटरमध्ये आपले नियम आपण लिहायची सोय होती. बस्स, मंडळाचा प्रोग्राम बाजूला पडला आणि मी एडिटरच सुधारत बसलो. कॉम्प्युटरच्या धंद्यात याला काम करणं म्हणतात.

पहिला नियम: 'रिटर्न', 'ब्रेक' किंवा 'पास'ची ओळ संपली की पुढची ओळ आपोआप चार घरं बाहेर. कारण 'रिटर्न'नंतर त्या पोटात लिहिण्यासारखं काही उरतच नाही. हा चालला. छाती फुगली. दुसरा नियम कोलनचा. मूळ नियम म्हणत होता, ओळीचं शेवटचं अक्षर कोलन असेल तर आत जा. मी माणूस टिपा लिहिणारा. कोलननंतर हॅश (#) देऊन 'इथे जोशीकाकांची वर्गणी दोनदा आली आहे' असं लिहिलं, की शेवटचं अक्षर कोलन राहत नाही आणि एडिटर ढिम्म. म्हणून नियमात टिपेला जागा केली. तर मजकुरात अवतरण चिन्हांच्या आत कोलन-हॅश आलं तरी तो आत घुसायला लागला. ते दुरुस्त केलं. मग उघडा राहिलेला कंस. मग कंसातला कंस. 'नको' या शब्दाचे किती अर्थ होतात याचा मी कोश करत होतो.

खरी मेहनत घेतली ती बॅकस्पेसवर. डावीकडे फक्त मोकळ्या जागा असतील तर एका ठोक्यात चाराच्या मागच्या पाढ्यावर न्यायचं. आठव्या घरावर असाल तर चार घरं मागे, चारवर. पण सातव्यावर असाल तर तीनच मागे, तेही चारवर. चार वजा केले तर तुम्ही तिसऱ्या घरात जाऊन पडता, पुन्हा उंबरठा. हे गणित बसवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या संध्याकाळी मी ते मोठ्याने बोलत होतो, तर मागून आवाज आला:

"म्हणजे टॅब स्टॉप. तुला उलटा टॅब हवाय."

मी वळून पाहिलं. बाबा वर्तमानपत्रातच होते. "टॅब म्हणजे टॅब्युलेटर. तक्त्यासाठी असायचा. आधी ठरलेल्या घरांवर स्टॉप लावून ठेवायचे, मग टॅब दाबला की कॅरेज थेट तिथे. मागे यायला तशी कळ नव्हती, एकेक घर बॅकस्पेसने. तू ती कळ करतोयस." दोन संध्याकाळींचं काम त्यांनी चष्मा न काढता आटोपलं.

"आणि बॅकस्पेसने खोडलं जायचं नाही," ते पुढे म्हणाले. "नुसतं मागे सरकायचं. खोडायला रबर. म्हणून आधी विचार करून टाइप करायचे."

हा टोला कुणाला होता हे मी विचारलं नाही.

पण या खोडण्यावरून एक कळलं की आपल्याआधीही लोकांनी बरंच सोसलंय. जुन्या व्हीआय एडिटरमध्ये आपोआप आलेली आतली जागा बॅकस्पेसने निघतच नसे. तिच्यासाठी कंट्रोल-डी ही वेगळी कळ. एकदा पानात पडलं की साध्या हाताने परत घेण्याची पद्धत नाही. पुढे त्याच्या सुधारित अवतारात, व्हिममध्ये, 'बॅकस्पेस' नावाची सेटिंगच आली आणि तिच्यात तीन परवाने: आतली जागा खोडू दे, ओळ ओलांडून मागे जाऊ दे, आणि आधी लिहिलेलंही खोडू दे. मेकफाइलची कथा तर खास आमच्या मंडळाला शोभणारी. 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी प्रोग्राम जुळवून तयार करणारं 'मेक' लिहिलं, त्याच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फायलीत, आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी असा नियम पडला. तो गैरसोयीचा आहे हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं, पण तोवर वापरणारे डझनभर लोक झाले होते, त्यांची मोडतोड कशाला, म्हणून राहू दिला. त्या बारा जणांच्या भिडेखातर लोक अजून तिथे टॅब मारतायत. आमच्या मंडळात एका काकांना वाईट वाटेल म्हणून कितीएक वर्षं आरती तासभर उशिरा सुरू होते, ते आठवलं.

माझ्या नव्या बॅकस्पेसने दोन दिवसांत आपलं पहिलं पाप केलं. पावतीच्या मजकुरात 'नाव' आणि 'रक्कम' यांच्यामध्ये मी मोकळ्या जागा सोडून अंतर राखलं होतं. तिथली एक जागा कमी करायला गेलो तर चार उडाल्या. कारण मीच नियम लिहिताना 'ओळीच्या सुरुवातीपासून फक्त मोकळ्या जागा' तपासायचं विसरून 'लगतच्या चार मोकळ्या जागा' तपासत होतो. तेही सुधारलं. मग भाच्याने पाठवलेला चाळीस ओळींचा तुकडा चिकटवला. एडिटरला वाटलं मीच भराभर टाइप करतोय. प्रत्येक ओळ आधीच आत सरकलेली, त्यात हा आणखी सरकवणार. बघता बघता महेश्वरच्या घाटासारख्या पायऱ्या उतरल्या, आणि शेवटची ओळ स्क्रीनच्या उजव्या काठावरून नर्मदेत. चिकटवताना स्वयंसेवा बंद, असा नियम त्या रात्री घातला, तेव्हा सराफ्यातले रात्री उशिरापर्यंत चालणारे खाऊचे ठेलेसुद्धा आवरत आले असतील.

परवा सगळं जागेवर आलं. बाबांना म्हटलं, "आता बसा, बघा कसं चालतं."

ते बसले. दहा बोटं कीबोर्डावर ठेवली. रेमिंग्टनची, म्हणजे हिंदी टाइपरायटरच्या कळांची, मांडणी मी त्यांच्यासाठी घालून ठेवलीच होती. नवीन फाइल. बाबा कुठलाही कागद कोरा सुरू करत नाहीत. आधी वर मधोमध 'श्री'. "ओळ चौसष्ट घरांची धर," म्हणाले, आणि टॅब दाबत बत्तिसाव्या घरावर गेले. मग टाइपरायटरवर शीर्षक मधोमध आणायची त्यांची जुनी रीत: मध्यावर जायचं आणि दर दोन अक्षरांमागे एकदा बॅकस्पेस. 'श्री'साठी त्यांनी एकदाच दाबलं. माझ्या सुधारणेने त्यांना थेट अठ्ठाविसावर नेऊन बसवलं.

बाबा काही बोलले नाहीत. तिथेच 'श्री' लिहिलं. मग जरा उजवीकडे हवं म्हणून खोडायला गेले. एकदा बॅकस्पेस: 'श्र'. दुसऱ्यांदा: पाय मोडलेला 'श्'. म्हणजे र गेला, हलंत राहिला. तिसऱ्यांदा 'श', चौथ्यांदा कोरं.

"चार मोकळी घरं एका ठोक्यात," बाबा म्हणाले, "आणि एक श्री चार ठोक्यांत."

मी सांगायला लागलो की युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, श, हलंत, र आणि दुसरी वेलांटी ही चार वेगळी चिन्हं असतात आणि बॅकस्पेस एकेक चिन्ह. त्यांनी हात वर केला. पुन्हा तिथेच 'श्री' लिहिलं आणि म्हणाले, "चालव."

चालवलं. पायथनने पहिल्याच ओळीवर अडवलं: 'अनएक्सपेक्टेड इंडेंट'. कारण नसताना आत का आलात? मी त्यांच्या डोळ्यांदेखत 'श्री' डावीकडे काठाला आणला, पुन्हा चालवलं. आता वेगळी ओळ आली. बाबांनी चष्मा पुसून ती सावकाश मोठ्याने वाचली.

"नेम 'श्री' इज नॉट डिफाइंड."

आतून आईने विचारलं, काय झालं. बाबा म्हणाले, "काही नाही, मशीन अजून लहान आहे."

पुढे हॅश लावला की ती ओळ टीप होते, मग तिने कुठेही बसावं, पायथन विचारत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी हॅश लावला, 'श्री' परत अठ्ठाविसाव्या घरात नेला, प्रोग्राम मुकाट चालला. बाबांचा चेहरा उजळला. पुढची ओळ डावीकडून सुरू करायची म्हणून एंटर मारलं.

कर्सर बरोबर 'श्री'च्या खाली. अठ्ठाविसाव्या घरात.

त्यांनी बॅकस्पेस मारत, मोजत सातव्या ठोक्याला काठ गाठला. चुकून पुन्हा एंटर लागलं म्हणून मागे गेले, 'श्री'च्या शेवटी पोचले, परत एंटर. पुन्हा अठ्ठावीस. मग बाबांनी, पंगतीत जिलबी घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या माणसासमोर धरतात तसे, दोन्ही हात कीबोर्डावर आडवे ठेवले. "अरे पुरे!"

स्क्रीनवर तीसेक अक्षरं, दोन स्वल्पविराम आणि एक कोलन उमटलं. तळव्याखाली एंटरही दबलं असावं, कारण कोलन शेवटी होतं आणि कर्सर बत्तिसाव्या घरात जाऊन पुढच्या ओळीची वाट पाहत होता.