एंडॉर्फिनला नुसतं 'हॅपी हॉर्मोन' म्हणणं पुरे झालं

व्यायाम करा, एंडॉर्फिन सुटेल, छान वाटेल. हे इतक्या वेळा सांगितलं जातं की एंडॉर्फिन म्हणजे मेंदूने दिलेलं बक्षीस, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि ही अर्धवट ओळख मला मनापासून खटकते. कारण मेंदूत तयार होणाऱ्या या अफूच्या जातीच्या द्रव्यांचं दुसरं एक मोठं काम आहे: मादीच्या प्रजनन-चक्राला लगाम घालणं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि त्याची किंमत बायका मोजतात.

गोष्ट जुनी आहे. उंदराच्या मादीचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. ठरलेल्या दिवशी दुपारी तिच्या पिट्यूटरी ग्रंथीतून एलएच या हॉर्मोनची मोठी लाट रक्तात येते आणि त्या रात्री बीजांडं सुटतात. १९५५ मध्ये बॅरक्लो आणि सॉयर यांनी दाखवलं की त्या दुपारी लाट येण्याआधी मॉर्फिन हे अफूतून मिळणारं औषध टोचलं, तर बीजांडं सुटतच नाहीत. बीजकोश ठणठणीत, पिट्यूटरी ठणठणीत, फक्त वरून हुकूम आला नाही. मेंदू स्वतःच मॉर्फिनसारखी द्रव्यं बनवतो हे तेव्हा माहीतच नव्हतं. १९७५ मध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून असंच एक द्रव्य, एन्केफॅलिन, शोधून काढलं, आणि मग मॉर्फिनला मेंदूत जागा का सापडते ते उलगडलं.

हा हुकूम येतो कसा ते बघण्यासारखं आहे. पिट्यूटरीच्या वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच नावाचं हॉर्मोन थेंबाथेंबाने, ठरावीक अंतराने सुटतं आणि ते पिट्यूटरीला एलएच सोडायला लावतं. सलग सोडलं तर उपयोग नाही. नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये माकडिणींवर हे दाखवलं: तासाला एकदा दिलं की एलएच येतं, अखंड चालू ठेवलं की एलएच खाली बसतं. म्हणजे सगळी मदार ठेक्यावर. हा ठेका धरणाऱ्या चेतापेशी हायपोथॅलॅमसच्या तळाशी आहेत आणि त्या तीन द्रव्यं बनवतात: किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन. न्यूरोकायनिन बी या पेशींना एकमेकींकडून चेतवतं, किसपेप्टिन जीएनआरएच सोडायला लावतं आणि डायनॉर्फिन सगळ्यांना गप्प करतं. डायनॉर्फिन हे आपल्या शरीराचं स्वतःचं ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं द्रव्य. ते नसेल तर एक ठोका संपून दुसऱ्याला जागाच होणार नाही.

आता बीजकोशाची बाजू. बीजांड सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे बीजकोशातलं हॉर्मोन वाढतं. मेंढीमध्ये डायनॉर्फिन बनवणाऱ्या यातल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन ओळखणारे रिसेप्टर सापडले आहेत. प्रोजेस्टेरॉन वाढलं की लगाम आवळला जातो. बाईच्या शरीरात चक्राच्या पहिल्या भागात साधारण तासा-दीड तासाने येणारे एलएचचे ठोके दुसऱ्या भागात तीन-चार तासांवर जातात. तेव्हा नॅलॉक्सोन हे ओपिऑइड-विरोधी औषध दिलं की ठोके पुन्हा भराभर पडू लागतात. पाळी कायमची गेलेल्या, हॉर्मोन न घेणाऱ्या बाईला तेच औषध दिलं, तर तसा फरक दिसत नाही. लगाम धरणारा हात बीजकोशाचा आहे, याचा मला तरी याहून स्वच्छ पुरावा माहीत नाही.

पिलांना दूध पाजणाऱ्या डुकरिणीतही हेच दिसतं: पिलं चोखतात, मेंदूतली ओपिऑइड वाढतात, एलएच दबलेलं राहतं. तिथेही नॅलॉक्सोनने ते वर येतं. ताणामुळे पाळी चुकते तो मार्गही काही अंशी बीटा-एंडॉर्फिन या मेंदूतल्याच ओपिऑइडवरून जातो. म्हणून 'टेन्शनमुळे पाळी चुकली' असं एखादी सांगते तेव्हा तिला मनाचे खेळ म्हणून उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. अर्थात सगळं खापर एंडॉर्फिनवर फोडू नये. खूप पळणाऱ्या मुलींची पाळी थांबते त्यामागचं मुख्य कारण खाण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा शरीराचा ऊर्जेचा खर्च जास्त होणं हे आहे. तिथे पोटभर जेवण हाच पहिला उपाय.

पण माझं खरं म्हणणं औषधांबद्दल आहे. मॉर्फिन, मेथाडोन, ट्रॅमाडॉल ही ओपिऑइड औषधं बाहेरून येऊन याच यंत्रणेवर बसतात. महिनोन्‌महिने ओपिऑइड घेणाऱ्या बायकांमध्ये पाळी अनियमित होणं, थांबणं, इस्ट्रोजेन घटणं हे वैद्यकात नीट नोंदलेलं आहे. इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. तरीही बद्धकोष्ठ होईल, झोप येईल एवढं सांगितलं जातं आणि पाळीचा विषयच निघत नाही. वेदनेवरचं औषध लिहिताना आणि प्रत्येक फेरतपासणीला 'पाळी कशी आहे?' हा प्रश्न विचारलाच गेला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

अशी औषधं घेणाऱ्या मैत्रिणींनो, ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्रास होतो. पाळी बदलली असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि पाळी येत नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नका. लगाम सैल पडला की बीजांड आधी सुटतं, पाळी त्यानंतर येते. त्यामुळे गर्भनिरोधकाबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या.