तिसरा भाग कसा पाडावा

तुमच्या किशोर-अद्भुत मालिकेचा पहिला भाग वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत शाळाशाळांत हातोहात फिरला. दुसरा लोकांनी सांभाळून घेतला. आता तिसऱ्यात कसूर नको.

मुळात पहिल्या भागात तुमच्या हातून एक घोळ झाला: तुम्ही जादूला नियम घातलात. मालवणची तुमची नायिका दर्याला हाक मारू शकते, पण फक्त उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, आणि तेही पुरी भरती होऊन पाणी थबकतं तेवढाच वेळ. त्यामुळे संकट आलं की पोरं आधी तिथी बघायची आणि मग नखं खात पानं उलटायची. हा नियम आता मोडायचा. तो रद्द झाला असं मात्र सांगू नका, नुसते विसरून जा.

शत्रूचा हल्ला अष्टमीच्या मध्यरात्री ठेवा आणि सिंधुदुर्गाच्या तटावर उधाणाच्या लाटा आदळू द्या. किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला पुरी भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. मध्यरात्री ओहोटी, आणि दिवस भांगाचे. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. नायिकेने हाक मारली तर फार तर गुडघाभर पाणी येईल. कुणी हे दाखवून दिलंच, तर ‘अहो, ही कल्पनारम्य कथा आहे’ एवढं म्हणून हसा. पहिल्या भागात तुम्हीच पंचांग उघडून बसला होतात, ते बोलू नका.

प्रवासही उरकून टाका. हर्णै ते मालवण समुद्रमार्गे शंभरेक सागरी मैल. शिडाच्या होडीला तासाला पाच मैल मिळाले तरी वीस तास. पूर्वी तुम्ही यात जयगड, विजयदुर्ग, फिरलेला वारा आणि संपलेलं पाणी असं सगळं घातलं होतं. आता प्रकरणाच्या शेवटी तिला हर्णैत झोपवा, पुढच्या ओळीत मालवणच्या धक्क्यावर उतरवा. महिना आषाढच हवा. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात, हे गाबीतवाड्यातल्या वाचकाला ठाऊक असतं. असू दे.

राखणदाराचं काय करायचं? आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठाल्या चामडी चपला वाहतात. देव रात्री फेरीला निघतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. त्यावरूनच तुम्ही तुमचा राखणदार घडवलात. तो कधी दिसला नाही. सकाळी चपलेची झिजलेली टाच तेवढी दिसायची, आणि तेवढ्यावर वाचक रात्री दिवा चालू ठेवून झोपायचा. तिसऱ्या भागात त्याला समोर बसवा आणि बोलतं करा. लहानपणी त्याच्यावर अन्याय झाला होता, याला चाळीस पानं द्या. भाषा बातम्यांतली. मालवणी फक्त विनोदी खलाशाच्या तोंडी उरली तरी पुरे.

दुसऱ्या भागात मेलेली आजी परत आणा. कारण देऊ नका.

पानांचं गणित सोपं आहे. १६ पानांचा एक फॉर्म. पहिला भाग १३ फॉर्मांचा होता, म्हणजे २०८ पानं. तिसरा ३५ फॉर्मांवर न्या, ५६० पानं होतील आणि पाठीवर नाव ठळक मावेल. वाढीव पानं भरायला दोन मुलगे लागतात, एक धक्क्यावर हाताची घडी घालून उभा राहणारा आणि एक सुट्टीत पुण्याहून आलेला. कोणावर प्रेम आहे हे नायिकेला कळत नाही, असं दर तीस पानांनी पुन्हा लिहा. शेवट लिहायचा नाही. त्याचा चौथा भाग होतो, आणि चौथ्याचे पूर्वार्ध-उत्तरार्ध.

प्रकाशनाला कणकवलीत नववीतली एखादी मुलगी जागोजाग पेन्सिलीने तिथ्या लिहिलेली प्रत घेऊन येईल. पहिल्या पानावर झटकन सही करा आणि पुस्तक मिटूनच तिच्या हातात द्या.