राग अंगात कुठे उठतो ते पाहा

रोज थोडा वेळ शांत बसून समोरच्याकडे पाहायची दृष्टी बदलली की राग निवळतो, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. एक भर घालावीशी वाटते. ‘समोरच्याकडे प्रेमाने पाहीन’ असं सकाळी ठरवलेलं ऐन भांडणात आठवत नाही. इगतपुरीला धम्मगिरीवर गोएंका गुरुजींची विपश्यना ही ध्यानाची पद्धत शिकले, तेव्हा कारण उमगलं. कानावर शब्द पडतो, मन जुन्या अनुभवावरून त्याला ‘अपमान’ ठरवतं, लगेच छाती धडधडते, कानशिलं तापतात, आणि आपण उसळतो ते खरं तर अंगातल्या या काहुरामुळे. दहा दिवसांच्या शिबिरात आधी नुसता श्वास, मग चौथ्या दिवसापासून याच संवेदना तटस्थपणे पाहायच्या. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास. संसारी माणसाला तो जड जातो हे खरं, पण तो टाळला की सगळं पुस्तकी उरतं. १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी असे ध्यानाला बसले होते!

आता सासूबाई काही बोलल्या की मला आधी त्यांचे दुखणारे गुडघे दिसतात. उत्तर द्यायचं तिथे देते, आवाज चढत नाही. रोजचा वेळ कसा काढावा, यावरही कृपया लिहा.