उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते

दादा, नमस्कार. परसातल्या उकिरड्यात निघालेल्या पांढऱ्या अळ्या पुन्हा खतात सोडा, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, ती उसाची मुळं खाणारी हुमणीच आणि असा सल्ला म्हणजे शेतकऱ्याचा घात. पलूस-वाळव्याकडच्या ऊसवाल्यानं रागानं लिहावं, यात वावगं काहीच नाही. भर पावसाळ्यात ऊस पिवळा पडतो, हात लावावा तर बेट सहज उपटून येतं, खाली मुळंच नाहीत. हे ज्यानं सोसलंय त्यानं पांढरी अळी दिसताच चिरडली तर मी त्याला बोल लावणार नाही.

तरी माझं मत कायम आहे, कारण त्या अळ्या मी फरशीवर सोडून पाहिल्या होत्या. त्या उताण्या झाल्या आणि पाय आभाळाकडे करून पाठीवर सरळ सरपटत निघाल्या. हुमणी अशी चालत नाही. ती इंग्रजी सी अक्षरासारखी वळून कुशीवर पडते, धडपडते. पाठीवर चालणारी अळी फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांची, सेटोनिइनी गटातली. तिचं डोकं लहान, पाय आखूड आणि मागचा भाग जाड. हुमणीचं डोकं मोठं, तांबूस-तपकिरी, पाय लांब. ही उकिरड्यातली अळी कुजलेला पालापाचोळा आणि शेण खाते, तिच्या लेंड्यांचंच खत होतं. तिचे भुंगे फुलं आणि पिकलेली फळं कुरतडतात, हे खरं. पण उसाची मुळं हे तिचं खाणं नव्हे.

कच्च्या शेणखतातून हुमणी रानात जाते, हा तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. शिवाय उकिरड्यात गेंडा भुंग्याची अळीही वाढते. ती अंगठ्याएवढी जाड होते, तीही पाठीवर चालत नाही, आणि तिचा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो. म्हणून खत ओढण्याआधी चाळा, अळ्या फरशीवर टाका. कुशीवर पडून राहणाऱ्या बाजूला काढून मारा, उताण्या चालणाऱ्या राहू द्या.

आणि हुमणीचा खरा बंदोबस्त उकिरड्यात होत नाही. वळवाचा पहिला पाऊस झाला की अंधार पडताना तिचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर पाला खायला जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे. हे अख्ख्या शिवारानं मिळून केलं तरच उपयोग. एकट्यानं केलं तर शेजारच्या बांधावरचे येतातच. तुमच्या गावात असं होत असेल तर जरूर लिहा.