आधी बग तरी सोडवा!

परत तेच! ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या प्रकल्पात दोन ओळींचा बग (कोडमधली चूक) दुरुस्त केला म्हणून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती येते, आणि उघडून बघावं तर पन्नासेक फायली बदललेल्या. का, तर पाठवणाऱ्याच्या एडिटरने सेव्ह करताना सगळा कोड स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करून टाकला. टॅबच्या स्पेस, सिंगल कोटचे डबल कोट. खरी दुरुस्ती त्या ढिगाऱ्यातून मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने उपसून काढायची, तीही नोकरी सांभाळून, फुकटात. वेगळं करून पाठवा म्हटलं की वर ऐकवणार, "तुमची टूल्स जुनाट आहेत."

अरे, गिट ब्लेमची वाट लागते त्याचं काय? गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, आणि कुठली ओळ कोणत्या बदलात आली ते त्यातलं ब्लेम दाखवतं. ओळ कोणी आणि कशासाठी लिहिली हे शोधायला जावं, तर जिथे तिथे हाच फॉरमॅटिंगचा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल. २०१९ मध्ये गिट २.२३ आलं तेव्हापासून असे कमिट ब्लेममधून वगळता येतात. पण त्यासाठी फॉरमॅटिंगचा कमिट वेगळा हवा ना! बगच्या दुरुस्तीतच कालवल्यावर वगळणार काय?

मेंटेनर मंडळींनीही नियम डोक्यात ठेवून नवख्यांवर डाफरू नये. रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, एडिटरला फॉरमॅटचे नियम सांगणारी एडिटरकॉन्फिगची फाईल टाका, सीआयमध्ये (बदल आला की आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) तपासणी लावा. आणि कोड पाठवणाऱ्यांनो, फॉरमॅटर बदलायचाच असेल, तर आधी इश्यू (प्रकल्पाच्या पानावर चर्चेची नोंद) उघडून विचारा. होकार आला की मगच हात लावा.