बिबी टिटीला पक्षाने घडवलं नाही

मावसभाऊ नोकरीसाठी टांझानियात, दार-ए-सलामला आहे. परवा त्याने लोकेशन पाठवलं, त्यात रस्त्याचं नाव दिसलं : बिबी टिटी मोहम्मद रोड. तिथल्या स्वातंत्र्यलढ्यातल्या या बाईबद्दल मी पूर्वी वाचलं होतं. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून ही लांबण. कंटाळा आला तर पुढे सरका.

1955. आजच्या टांझानियातला मुख्य भूभाग, म्हणजे तेव्हाचा टांगानिका, ब्रिटिशांच्या ताब्यात होता. ज्युलियस न्येरेरे (पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष) आणि मंडळींनी स्वातंत्र्यासाठी टानू हा पक्ष काढून वर्षही झालं नव्हतं. ब्रिटिश मजूर पक्षाचे जॉन हॅच भेटीला आले आणि त्यांनी विचारलं, तुमच्यात बायका कुठे आहेत? झाली पंचाईत. शोधाशोध झाली आणि माणसं पोचली टिटीच्या दारात. वय 29, शाळा चार इयत्ता. पण 'बोम्बा' नावाच्या ङोमा गटाची ती मुख्य गायिका होती. ङोमा म्हणजे ढोल, त्यावरचं गाणं-नाचणं, आणि ते करणारी मंडळंसुद्धा. लग्नकार्याला गाणारी, एकमेकींच्या अडीनडीला धावून जाणारी.

टिटीने या गटांच्या म्होरक्या बायकांनाच गाठलं. एक म्होरकी आली की तिच्यामागे सगळा गट. तीनेक महिन्यांत 5000 बायका सभासद! भाषणं ठोकून हे झालं असतं असं मला वाटत नाही.

आणि या बायका कोण? घरी दारू गाळून विकणाऱ्या, सकाळी रस्त्यावर वितुंबुआ विकणाऱ्या (तांदळाचे, थेट आपल्या आप्प्यांसारखे). सरकारी नोकरीतल्या आफ्रिकी लोकांना राजकीय पक्षात जायला बंदी होती. त्यामुळे शिकलेले पुरुष बिचकत होते. या बायकांना नोकरीच नव्हती, तर जाणार काय? शिवाय गाठीला स्वतःचे चार पैसे.

म्हणूनच 'न्येरेरेंनी एका अडाणी बाईला नेता केलं' हे वाक्य मला खटकतं. न्येरेरे एडिंबरोला शिकलेले, मोठा माणूस, वाद नाही. पण वेगवेगळ्या जमातींच्या बायका एकत्र बसून स्वाहिलीत, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक भाषेत गातायत, हे त्या गटांमध्ये आधीपासून चालूच होतं. पक्ष ज्याला राष्ट्र म्हणत होता ते या बायकांच्या अंगणात रोज दिसत होतं. पक्षाने ते आयतं उचललं. टिटी मग न्येरेरेंबरोबर देशभर फिरली, सभा गाजवल्या. 1961 मध्ये स्वातंत्र्य आलं, ती उपमंत्री झाली.

पुढचं फारसं कुणी सांगत नाही. 1967 च्या अरुशा जाहीरनाम्याने (टानूचं समाजवादी धोरण) पुढाऱ्यांना घरं भाड्याने द्यायला मनाई केली. टिटीला ते पटलं नाही, तिने पक्षातलं पद सोडलं. (इथे मी तिच्या बाजूने आहे असं नाही. पण घर हाच जिचा म्हातारपणाचा आधार, तिचा राग समजतो.) 1969 मध्ये सरकार उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून अटक, मग जन्मठेप. ती तुरुंगात असताना नवऱ्याने घटस्फोट दिला. 1972 मध्ये न्येरेरेंनीच माफी देऊन सोडलं. त्यानंतर कित्येक वर्षं तिचं नावही कुणी घेत नव्हतं.

2000 साली ती गेली. मावसभावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ऑफिसला रोज तिथूनच जातो, मला वाटलं कुणा राजाची बायको असेल.